शेत पुन्हा पेरायचं कोणी? गेममधले बारीक बदल आणि पुढचे भाग

कोयनाकाठ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहितोच.

भाचा सुट्टीला आलाय, तेरा वर्षांचा आहे. रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून लढाया करायचा कॉम्प्युटर गेम खेळायला बसतो. २०१९ साली आलेली डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे जुन्या गेमची नव्याने केलेली आवृत्ती. मी हा गेम २००१ मध्ये हॉस्टेलवर शिकलो, आठ मशीन एका हबला जोडून. परवा खेळता खेळता भाचा म्हणाला, "मामा, तू सारखा शेतांकडे का जातोस? ती आपोआप पेरली जातात."

तेव्हा लक्षात आलं. माझं बोट अजूनही मिनिटाला एकदा फुलस्टॉपच्या बटणावर जातं. रिकामा बसलेला व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, शोधायचं ते बटण. भाच्याचं बोट तिथे एकदाही जात नाही.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात शेत संपतं. १९९७ च्या पहिल्या भागात संपलेलं शेत नकाशावरून नाहीसंच व्हायचं, नवं बांधावं लागायचं. दुसऱ्या भागात, म्हणजे १९९९ च्या 'एज ऑफ किंग्ज'मध्ये, ते जागेवर पडीक राहायला लागलं. व्हिलेजरला तिथे पाठवून ६० लाकूड मोजलं की पुन्हा पेरलं जायचं. साध्या शेतात १७५ अन्न. हॉर्स कॉलर या सुधारणेने त्यात ७५ ची भर, हेवी प्लाउने आणखी १२५ ची, क्रॉप रोटेशनने आणखी १७५ ची, म्हणजे सगळं घेतलं तर ५५०. आता अशी पंचवीस शेतं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वेगळ्या वेळी संपणार. तुमचे नाइट शत्रूच्या वेशीवर भिडलेत, तुमचं सगळं लक्ष तिकडे, आणि घरी चार माणसं हात बांधून उभी. परत येऊन बघावं तर अन्न शून्यावर.

२००० मध्ये 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी आली. लोकांना अझ्टेक, माया, हूण आठवतात. मला मिलमधलं, म्हणजे शेतांसाठी बांधायच्या इमारतीतलं, एक छोटं बटण आठवतं. त्यावर पुढच्या पेरण्या आगाऊ नोंदवता यायच्या. शेत संपलं की नोंदीतली एक पेरणी वापरली जायची. पण लाकूड नोंदवतानाच कापलं जायचं. दहा पेरण्या नोंदवल्या की ६०० लाकूड अडकलं. म्हणजे एक डोकेदुखी गेली आणि तिच्या जागी विचार करण्याजोगा एक प्रश्न आला: आत्ता लाकूड अडकवू, की त्यातून तिरंदाज काढू?

याच मालिकेतला पुढचा प्रवास बघा. २००२ च्या 'एज ऑफ मिथॉलॉजी'त शेत संपेनासं झालं. २००५ च्या तिसऱ्या भागात तर व्हिलेजरने माल वाहून कोठारात टाकायचंही बंद झालं. तो जागेवर काम करतो आणि तुमचा आकडा वाढत जातो. नकाशावरची ये-जा गेली, तशी ती वाट अडवून शत्रूला उपाशी मारायची मजाही गेली. तिसरा भाग मला कधी आपला वाटला नाही त्याचं अर्धं कारण हेच असावं.

मग २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन करणाऱ्यांपुढे दोन्ही वाटा होत्या. त्यांनी शेत अक्षय केलं नाही. १७५ तेच, ६० लाकूड तेच. फक्त मिलवर एक बटण दिलं: चालू असेल तर संपलेलं शेत आपोआप पेरलं जातं आणि लाकूड त्या क्षणी कापलं जातं. एकही आकडा न हलवता भाच्याचा खेळ माझ्या खेळापेक्षा वेगळा झाला. मी शेतावर असतो, तो लढाईत असतो.

बदल लहान की मोठा हे मी आता आकड्यावरून ठरवत नाही. खेळणाऱ्याची नजर पडद्यावर कुठून कुठे गेली ते बघतो. तुमच्या खेळण्यातली अशी उदाहरणं असतील तर लिहा. कुठलाही गेम चालेल.

साखरवाडी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

आमचं शिक्षण एसटी स्टँडामागच्या पार्लरमध्ये झालं. एक रुपयाचं नाणं, आणि 'स्ट्रीट फायटर २' हा मारामारीचा गेम. तुम्ही म्हणता ते त्या एका गेमच्या चार-पाच अवतारांत लख्ख दिसतं.

पहिला १९९१ चा. त्यात कॉम्बो, म्हणजे लागोपाठ जोडलेले फटके, ही गोष्ट ठरवून ठेवलेलीच नव्हती. गाडी फोडायचा जो बोनस राउंड आहे ना, तो तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की एका ठोशाची हालचाल पुरी व्हायच्या आत दुसरा ठोसा बसतो. हे जमवणं इतकं अवघड की कोणाच्या उपयोगाचं नाही असं समजून त्यांनी ते तसंच राहू दिलं. पोरांनी ते शोधून काढलं, घोटवलं. १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २'मध्ये पडद्यावर किती फटक्यांचा कॉम्बो झाला याचा आकडाच दिसायला लागला. आज फायटिंग गेम म्हटलं की कॉम्बो आलेच. सगळ्याचं मूळ दुरुस्त न केलेल्या एका फटीत आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. १९९२ मध्ये 'चॅम्पियन एडिशन' आली, त्यात चारही बॉस घेऊन खेळता यायला लागलं. लगेच बाजारात तिच्या चिप बदललेल्या मशीन आल्या. आमच्या पार्लरमध्ये तीच होती हे मला फार नंतर कळलं. हवेत उडी मारून आदुकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, टाकता यायचा, एका वेळी पाच-सहा गोळे पडद्यावर, लढता लढता स्टार्टचं बटण दाबलं की रियू या खेळाडूचा ब्लँका व्हायचा. खेळ म्हणून त्याला काही तोल नव्हता, पण गर्दी तिथेच. मूळ गेम काढणाऱ्या कॅपकॉमने त्याच वर्षाच्या शेवटी 'हायपर फायटिंग' काढलं. वेग वाढवला, रियू-केनला हवेतली गरगर किक दिली, चुन-लीला गोळा दिला, धालसिमला गायब होऊन दुसरीकडे निघायची विद्या दिली. चोरीच्या मालातून लोकांना नेमकं काय आवडलंय ते ओळखून तेवढंच घेतलं, बाकीचा गोंधळ टाकून दिला.

आणि मग 'सुपर'मध्ये चार नवे खेळाडू दिले, चित्रं सुधारली, पण वेग परत खाली आणला. लोक नाराज झाले. १९९४ च्या 'सुपर टर्बो'त वेग परत द्यावा लागला. सोळा खेळाडू, नवी चित्रं, नवे आवाज, सगळं एका बाजूला, आणि बोटांना लागलेली गती दुसऱ्या बाजूला.

रात्रपाळी

धागा आवडला, पण कोयनाकाठ, तुमच्या मुद्द्याच्या गाभ्याशीच मी असहमत आहे. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

शेत पेरायला आठवण ठेवणं हे कौशल्य होतं. लढाई चालू असताना घर सांभाळणं, दोन्हीकडे लक्ष ठेवणं, त्यासाठी आम्ही वर्षं घातली. ते बटणावर दिलं की चांगला आणि बरा यातला फरक पुसट होतो.

'स्टारक्राफ्ट' या अंतराळातल्या लढाईच्या गेमचं बघा. १९९८ च्या पहिल्या भागात एका वेळी फक्त १२ युनिट, म्हणजे सैनिक किंवा कामगार, निवडता यायची. मोठी फौज हलवायची तर बारा-बाराच्या तुकड्या, प्रत्येक इमारतीवर वेगळं क्लिक, नवा कामगार जन्मला की त्याला हाताने खाणीवर पाठवायचं. कोरियातले खेळाडू त्यातूनच घडले. २०१० च्या दुसऱ्या भागात ही सगळी बंधनं काढली. अख्खी फौज एका फटक्यात निवडा, कामगार थेट खाणीवर. आणि मग काय झालं? निर्मात्यांनाच जाणवलं की घराकडे बघायचं कारणच उरलं नाही. म्हणून झर्ग, टेरन आणि प्रोटॉस या तिन्ही बाजूंना नवी कामं दिली. झर्गच्या राणीने अळ्या (त्यांतूनच त्यांची फौज जन्मते) टोचत राहायचं, टेरनने म्यूल हे जादा खाणकामगार उतरवायचे, प्रोटॉसने इमारतींचा वेग वाढवणारा क्रोनो बूस्ट लावत राहायचं. ही कामं चुकली की अर्थव्यवस्था मागे पडते. म्हणजे क्लिक काढले आणि वेगळे क्लिक परत आणले. हाताला काम हवंच हे त्यांनीही मान्य केलं.

कोयनाकाठ

रात्रपाळी, राग कसला? याच चर्चेसाठी धागा काढला. तुमचं उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पण त्यातला एक फरक बघा. १२ युनिटांचं बंधन तुमच्याकडून हमाली करून घ्यायचं. क्रोनो बूस्ट तुम्हाला विचारतो, कुठे लावू? कामगार लवकर हवेत, की संशोधन लवकर हवं? म्यूलचंही तेच. तीच ऊर्जा शत्रूचा तळ बघायला स्कॅनवर खर्च करता येते. क्लिक तेवढेच राहिले असतील, पण आता क्लिकमागे निवड आली. अळ्या टोचण्याच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मान्य. तिथे निवड फारशी नाही, नुसती आठवण आहे.

अवांतर: याच मालिकेत २०१५ च्या 'लेगसी ऑफ द व्हॉइड'मध्ये सुरुवातीचे कामगार ६ चे १२ केले. नवं युनिट नाही, नवं शस्त्र नाही. सुरुवातीची संथ मिनिटं गेली आणि पहिली चकमक लवकर यायला लागली. ६ चे १२, बास.

निळीशाई

आकड्यांची बाजू मी मांडते. माझं काम हिशेबाचं, त्यामुळे पॅच नोट्स (गेममधल्या बदलांच्या याद्या) मी दिवाळी अंकासारख्या वाचते.

'हेलो ३' या बंदुकीच्या गेममधल्या स्नायपर रायफलची गोष्ट. २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याचे डिझायनर जेमी ग्रीसेमर यांनी अख्खं भाषण एका बदलावर दिलं होतं: दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद. एवढंच. स्नायपर लांबून मारायचं शस्त्र, पण लोक ते जवळच्या मारामारीतही चालवत होते, कारण पहिली गोळी हुकली तरी दुसरी लगेच सुटायची. त्यामुळे बाकीच्या बंदुकांना त्यांची जागाच मिळेना. गोळीची ताकद कमी केली असती तर लांबून मारायची मजा गेली असती. गोळ्या कमी केल्या असत्या तर चांगल्या नेमबाजाला शिक्षा झाली असती. ०.२ सेकंदाने नेमकं हुकणाऱ्याचं नुकसान होतं, तेही समोरचा जवळ असेल तरच. लांबून मारणाऱ्याला फारसा फरकच पडत नाही. रोग जिथे आहे तिथेच औषध.

उलटं उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक'चं. त्याच्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या भागात ऑग ही रायफल बरीच वर्षं दुर्लक्षित होती. गेममधल्या पैशांत किंमत ३,३०० डॉलर, आणि शेजारची एम-फोर रायफल ३,१०० ला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑगची किंमत ३,१५० केली. बंदूक तीच, गोळी तीच. पण आधी २०० चा फरक होता तो ५० वर आला, आणि पन्नास डॉलरांत दुर्बीण मिळत असेल तर कोण सोडेल? बघता बघता बचाव करणारे सगळे ऑग घेऊन उभे. व्यावसायिक सामन्यांतही तेच चित्र. २०१९ च्या वसंतात किंमत पुन्हा ३,३०० केली, तरी लोक सोडेनात! शेवटी त्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून मारतानाची अचूकता कमी करावी लागली.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे मधलं पाऊल. आकडा होता तिथे परत नेला, पण माणसं परत गेली नाहीत. त्या सहा महिन्यांत त्यांनी बंदूक वापरून बघितली होती, तिची सवय झाली होती. पॅच मागे घेता येतो, शिकलेलं मागे घेता येत नाही.

साखरवाडी

निळीशाई ताई, शेवटचा परिच्छेद वाचून 'सुपर'चा संथ वेग आठवला. अगदी हेच झालं होतं.

पायरीचा_आंबा

मी पुण्यात मोबाइल गेम बनवायचं काम करतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण एक अनुभव सांगतो.

आमचा एक साधा पळायचा-उड्या मारायचा गेम होता. तपासणीला बोलावलेल्या मुलांची एकच तक्रार: "मी दाबलं तरी उडत नाही." आम्ही कोड तपासला, बटण व्यवस्थित. मग दाबण्याची वेळ आणि पात्राची जागा नोंदवायला लागलो. दोन दिवसांत दिसलं की मुलं कठड्यावरून पाय सुटल्यावर, क्षणभर उशिरा दाबतात. गेमच्या दृष्टीने पात्र हवेत आहे, उडी मिळणार नाही. मुलाच्या दृष्टीने ते अजून कठड्यावरच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यावरचा उपाय आमच्या धंद्यात जुना आहे. कठडा सुटल्यावरही थोडा वेळ उडी मान्य करायची. २०१८ च्या 'सेलेस्ट' या उड्या मारायच्या गेममध्ये ही मुभा ०.१ सेकंदाची आहे. त्यांनी मुख्य पात्राचा कोड सगळ्यांना बघायला खुला केलाय, त्यात हा आकडा आहे. त्याच कोडमध्ये आणखी दोन गोष्टी सापडतील. उडी मारताना डोकं कोपऱ्याला अगदी थोडं अडकलं तर पात्राला हळूच बाजूला सरकवतात. आणि बटण दाबून धरलं असेल तर उडीच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण निम्मं करतात, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला जरा उसंत मिळते. 'सेलेस्ट' अवघड गेम म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या आत ही एवढी माया भरलेली आहे.

आम्ही आमच्याकडे ०.१ सेकंद दिलं. कोणालाही न सांगता. त्याच मुलांना परत बोलावलं. एकानेही "गेम सोपा केलाय" असं म्हटलं नाही. एक मुलगी म्हणाली, "आता मी नीट खेळायला शिकले." कोयनाकाठ यांचा नजरेचा मुद्दा इथे मला तंतोतंत पटतो. आधी मुलं स्वतःच्या पायाकडे बघत होती, नंतर पुढच्या खड्ड्याकडे बघायला लागली.

रात्रपाळी

पायरीचा_आंबा, हे वाचून थोडा हललो. पण शेताबद्दल माझं मत कायम आहे, आणि आता त्यासाठी वेगळं कारण देतो.

परवा मुद्दाम ऑटो पेरणी चालू ठेवून खेळलो. बावीस शेतं होती. मला तिरंदाज काढायचे होते, एकाला २५ लाकूड आणि ४५ सोनं. बघतो तर लाकूड टिकतच नाही. शेतं एकामागून एक संपत होती आणि प्रत्येक जण ६० उचलून नेत होता. बावीस शेतांचे १,३२०, माझ्या डोळ्यांदेखत, मला न विचारता. हाताने पेरायचो तेव्हा प्रत्येक ६० माझ्या बोटाखालून जायचं. मला माहीत असायचं की आत्ता दोन शेतं पडीक राहिली तरी चालतील, आधी तिरंदाज. शेवटी मिलवर जाऊन ऑटो बंद केलं, तिरंदाज काढले, मग परत चालू केलं.

कोयनाकाठ

रात्रपाळी, हे मला सुचलंच नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्याचंही लाकूड संपतं, पण का संपतं ते त्याला आजवर कळलं नव्हतं. आत्ता पहिल्यांदा तो स्वतःहून मिलवर जाऊन बटण बंद करून आला.

शिवारफेरी

शेतावरून आठवलं म्हणून थोडं आपल्याकडचं. याच मालिकेच्या तिसऱ्या भागाला २००७ मध्ये 'द एशियन डायनॅस्टीज' जोडलं, त्यात भारतीय आले. बहुतेकांचे व्हिलेजर अन्न देऊन मिळतात, भारतीयांचे लाकूड देऊन, १०० ला एक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यामुळे पहिल्या मिनिटापासून तुमची माणसं शिकारीऐवजी रानाकडे वळतात आणि अख्खा डाव वेगळा बसतो. गायी कापता येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं कुरण बांधायचं आणि त्यातून अनुभवाचे गुण मिळवायचे.

दुसऱ्या भागात भारतीय आले २०१३ च्या 'द फरगॉटन'मध्ये. हा भाग आधी चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने बनवलेला मॉड (मूळ गेममध्ये केलेली भर) होता, नंतर अधिकृत झाला. तिथे त्यांचे व्हिलेजर स्वस्त, आणि प्रत्येक युगात आणखी स्वस्त. २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आल्यावर ती सवलत हिंदुस्तानी या नव्या नावाकडे गेली आणि बंगाली, द्रविड, गुर्जर वेगळे झाले. एका 'भारतीय' नावाखाली सगळं कोंबलेलं होतं ते सुटलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण खेळताना हात अजून स्वस्त व्हिलेजर शोधत हिंदुस्तानींकडेच जातो.

तांबडीमाती

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचत असते. पण शेताचा विषय निघाला म्हणून.

मी 'द कॉन्करर्स' खूप खेळले, कॉलेजात आणि नंतरही. २०१२ च्या सुमारास उजव्या मनगटाचं दुखणं सुरू झालं. दिवसभर ऑफिसात माउस, रात्री गेममध्ये माउस. डॉक्टरांनी एक काहीतरी सोडा म्हणून सांगितलं. ऑफिस सुटणार नव्हतं. गेम काढून टाकला, सीडी भावाला दिली.

गेल्या वर्षी मुलाने डेफिनिटिव्ह एडिशन घेतली. म्हटलं, अर्धा तास बसून बघू. ऑटो पेरणी चालू, स्काउटला आपोआप नकाशा शोधायला लावलेलं, सगळ्या इमारतींमध्ये काय तयार होतंय त्याची यादी एका कोपऱ्यात. अर्ध्या तासाचा दीड तास झाला आणि मनगटाने कुरकुर केली नाही. रात्रपाळी, कौशल्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला समजतं, मीही ते कमावलेलं होतं. पण त्या मिलवरच्या बटणामुळे मी दहा वर्षांनी माझ्या जुन्या नकाशावर परत आले. तिरंदाज कधी काढायचे, वेस कुठे बांधायची, कोणाशी तह टिकवायचा, हे सगळं अजून डोक्यात होतं. फक्त हात साथ देत नव्हता.

रात्रपाळी

तांबडीमाती ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी आजवर या बटणाकडे फक्त माझ्या बाजूने बघत होतो. ते असायलाच हवं. मी माझ्यापुरतं बंद ठेवीन, पण समोरच्याने चालू ठेवलं तर यापुढे तक्रार नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला तुम्हाला आणि मुलाला जमेल का? कोयनाकाठ, तुम्ही आणि भाचा एका बाजूला, आम्ही तिघं दुसऱ्या बाजूला, लोकसंख्येची मर्यादा २००.

तांबडीमाती

जमेल. मुलाला हिंदुस्तानी हवेत, मी ब्रिटन घेते.

कोयनाकाठ

आम्ही तयार. भाचा विचारतोय, त्याने पेरणी हाताने करून बघितली तर चालेल का. त्याला आज ते फुलस्टॉपचं बटण दाखवलंय.